वरच्या पट्टीतली शांतता

५ जानेवारी, सोमवार

धाकटीने ही वही दिली. म्हणाली, "ताई, तुझा संताप इथे उतरवत जा. घरात माणसं दोनच, त्यातली एक मी. मला आता पुरे झालं." धाकटी जन्मभर इस्पितळात नर्स होती. तिला रुग्ण आवडायचे, कारण ते पडून असायचे. मी पडून राहत नाही, एवढीच तिची माझ्याबद्दल तक्रार आहे.

तर संताप. आज पियानो जुळवणारा आला होता. मी त्याला सांगितलं की उजवीकडच्या शेवटच्या पट्ट्या मुक्या झाल्यात, बोट ठेवलं की नुसतं लाकूड वाजतं, टक टक. त्याने झाकण उघडलं, वाजवून पाहिलं, मान तिरकी केली, पुन्हा वाजवलं.

"बाई, वाजतायत की."

"काय वाजतायत?"

"सूर."

मुलींना सूर शिकवण्यात माझे केस पिकले आणि हा मला सूर म्हणजे काय ते सांगणार! चहा न देताच वाटेला लावलं. जाताना दारात उभा राहून माझ्याकडे असं बघत होता, जणू मीच नादुरुस्त आहे.

१० जानेवारी, शनिवार

वाचनालयाच्या माडीवरचा वर्ग. निवृत्तीनंतर मी इथे दर शनिवारी मुलांना संगीताचं शास्त्र आणि रचना शिकवते. सुरुवातीला खोली भरलेली असायची. मग मुलांना कळलं की इथे वाजवण्याआधी लिहावं लागतं, आणि लिहिलेलं खोडावं लागतं. उरले ते तीन.

एक खारूताई. व्हायोलिन वाजवते. जागेवर बसत नाही आणि पेन्सिली कुरतडते. दुसरा लंबू. चेलो वाजवतो, लांबून पाहिलं तर दोघांत चेलो कुठला ते कळत नाही. तिसरा वकील. पियानो वाजवतो आणि प्रत्येक नियमाला हरकत घेतो. "मिस, दोन आवाज पाचव्या सुराच्या अंतराने एकत्र पुढे सरकले तर बिघडतं काय?" मी म्हणते, "दोन माणसं एकाच छत्रीत एकाच पायाने चालली तर जे बिघडतं ते." त्यावर तो छत्री मोठी असली तर, असं विचारतो.

माझी एक पद्धत आहे. कुणी रचना वाजवत असलं की मी खुर्ची वळवून, भिंतीकडे तोंड करून ऐकते. डोळे फार भोळे असतात. वाजवणाऱ्याने भुवया वर केल्या की त्यांना ते दर्द वाटतं. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टरही असंच ऐकायच्या. चूक झाली की मागे न बघता पट्टी आपटायच्या. मी पट्टी वापरत नाही, पेन्सिल आपटते. काळ बदलला आहे, ते मला मान्य आहे.

आणि दहापैकी सातच्या वर मी आजवर कुणाला गुण दिलेले नाहीत.

वर्ग संपल्यावर वाचनालयाचे सचिव जिना चढून आले. त्यांचा श्वास लागला होता, तरी वाक्य पूर्ण केलं: "बाई, एक तरुण आहे. तो संगणकावर संगीत शिकवतो. बटण दाबलं की सुरावट तयार. समितीला कल्पना आवडली आहे."

मी म्हटलं, "समितीला बटणं आवडतात कारण ती शर्टाला असतात. त्यांची ओळख जुनी आहे."

हे बोलायला नको होतं बहुतेक. शनिवार काढून घेतला तर माझ्या आठवड्यात उरतं काय? धाकटीचं रक्तदाबाचं यंत्र.

१७ जानेवारी, शनिवार

नवी किटली घेतली. दुकानदाराने छाती ठोकून सांगितलं होतं की पाणी उकळलं की शिट्टी वाजते. वाजत नाही. परत न्यायला गेले तर त्याने दुकानातच गॅसवर ठेवून दाखवली. वाफ आली, मी घड्याळाकडे बघत उभी. दुकानदार म्हणाला, "ऐका!" मी म्हटलं, "ऐकतेय. तुम्ही वाजवा." शेजारचं गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. मी बिल त्याच्या गल्ल्यावर ठेवून किटली उचलून चालती झाले. असल्या माणसाशी हुज्जत घालून तोंड कोण विटाळणार?

२२ जानेवारी, गुरुवार

माडीवर समितीची बैठक, म्हणून मुलांना घरी बोलावलं. बराच वेळ कुणी आलंच नाही. शेवटी लंबूने खिडकीवर टकटक केलं. "मिस, आम्ही कधीचे बेल वाजवतोय." म्हणजे बेलही बिघडली! उद्या इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. या घरातली प्रत्येक वस्तू एकदमच निवृत्त झाली आहे.

आज कॅडन्स शिकवला. वाक्याला जसा पूर्णविराम, तसा सुरावटीला कॅडन्स. इतका सुंदर विषय, मी रंगात आले होते, आणि खारूताई एकदम उठून स्वयंपाकघरात धावली. परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल.

"कॅडन्सच्या मध्ये कुणी उठतं का?"

"मिस... किटली."

"किटलीचं काय? ती मुकी आहे. आपण अर्ध्या कॅडन्सवर होतो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हल्लीच्या मुलांना एकमेकांकडे बघण्याची फार सवय.

३१ जानेवारी, शनिवार

वार्षिक कार्यक्रमासाठी तिघांनी एकेक रचना करायची, आणि वाजवायला एकमेकांना मदत करायची असं ठरवलं आहे. आज कच्चे, अर्धेमुर्धे खर्डे. वकिलाची रचना म्हणजे उलटतपासणी. लंबूची लांबलचक.

खारूताईच्या रचनेचं नाव 'उकळी'. चेलो आणि पियानो खालच्या अंगाने आपापसात काहीतरी पुटपुटत राहतात, आणि मग व्हायोलिनच्या जागी तिने चक्क काहीच लिहिलेलं नाही! खाली बडबड चालू, वर पूर्ण शांतता. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि माझ्या अंगावर काटा आला. या वयात मुलं सगळ्या जागा भरून टाकतात. हिने जागा रिकामी सोडली.

मी वळून म्हटलं, "व्हायोलिन हातात असून न वाजवणं, याला धैर्य लागतं. पाण्याला उकळी फुटायच्या आधीची शांतता अगदी बरोबर पकडलीस. सात."

लंबूला खोकला आला. खारूताई हातातल्या गजाकडे, म्हणजे व्हायोलिन वाजवायच्या त्या काठीकडे, बघत बसली. कौतुक पचवायची सवय नाही बिचारीला. मीही लावलेली नाही. लिखित प्रत मागितली तर म्हणाली, "अजून नीट उतरवली नाही, मिस."

७ फेब्रुवारी, शनिवार

काय झालंय या मुलांना? वकिलाने आपली सगळी रचना पियानोच्या डाव्या अर्ध्यात ओढून आणली आहे. लंबू तर आधीच जमिनीवर होता, आता तळघरात गेला. मी विचारलं, "उजवीकडच्या पट्ट्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

वकील म्हणाला, "मिस, खालचे सूर जास्त... प्रामाणिक वाटतात."

वकील प्रामाणिकपणाबद्दल बोलू लागला की सावध व्हावं. शिवाय हल्ली तिघंही माझ्यासमोर येऊन, तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करून बोलतात, जणू मी परदेशातून आले आहे. आदर असेल. उशिरा का होईना.

८ फेब्रुवारी, रविवार

धाकटीशी कडाक्याचं भांडण. सकाळी मी सहज म्हटलं की यंदा खिडकीबाहेर पाखरं कमी झालीत. तिने पेपर खाली ठेवला.

"ताई, पाखरं तेवढीच आहेत. कान दाखव."

"माझे कान? या कानांवर माझी सगळी नोकरी उभी राहिली! चाळीस मुलींच्या समूहातून जांभई देणारी ओळखायचे मी."

"ओळखायचीस."

"इलेक्ट्रिशियन काय म्हणाला, विचार."

"विचारलं. बेल ठीक आहे म्हणाला."

"तो पियानोवाल्याचा नातेवाईक असेल."

धाकटी हसली नाही. ती हसली नाही की मला तिच्या गणवेशाची आठवण होते. म्हणाली, "माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. तू म्हणशील तेव्हा जाऊ." मी म्हणणार नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सचिव आले, बरोबर तो संगणकवाला. शिडशिडीत, सभ्य, खांद्याला पिशवी. मला वाईट वाटलं की तो सभ्य आहे. उद्धट असता तर सोपं गेलं असतं.

सचिवांनी समितीचा निर्णय सांगितला. चौदा मार्चच्या कार्यक्रमात मुलं आपल्या रचना सादर करतील आणि प्रत्येक रचनेनंतर मी व्यासपीठावरून गुण देऊन दोन शब्द बोलायचे. "वर्गात खरंच काय शिकवलं जातं ते समितीला दिसेल. नाही पटलं, तर एप्रिलपासून शनिवार यांना."

मी म्हटलं, "ठीक. माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवा."

"लोकांकडे पाठ करून? बाई, शोभत नाही ते."

"मी तिथे शोभेसाठी बसणार नाही."

"समितीचा आग्रह आहे," असं म्हणून ते उतरू लागले. जिना उतरतानाही त्यांचा श्वास लागतो.

७ मार्च, शनिवार

आज मला जे वाटलं ते इथेच लिहिते, कारण धाकटीला सांगितलं तर ती माझी नाडी बघेल.

मी खालून रजिस्टर घेऊन वर आले तेव्हा तिघांची वादावादी चालली होती. खारूताईचं बोलणं कळलं नाही, ती पुटपुटते. वकील म्हणत होता, "अगं, खाली आण ना थोडं. अडतं कुठे?" तिने जोरजोराने मान हलवली. मग लंबू म्हणाला, "पण मिसना सांगणार कोण? मी नाही सांगणार. त्यांना किती लागेल." मी आत गेले आणि तिघांनी भराभर वह्या उघडल्या.

न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. तिघं त्या संगणकवाल्याकडे जाणार. एप्रिलची वाटसुद्धा बघणार नाहीत बहुतेक. वकील आणि लंबू गेले तर जावोत. खारूताईने जाऊ नये. असा हात आणि असा कान एखाद्याच मुलीला मिळतो, आणि बटणं दाबायला लागली की वर्षभरात बोथट होईल.

पुन्हा प्रत मागितली. पुन्हा म्हणाली, "उतरवते, मिस." डोळे भरलेले होते. अपराधी वाटत असणार. वाटू दे.

१५ मार्च, रविवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. आता चहा घेऊन बसले आहे. धाकटीने केला; किटलीजवळ मला जाऊ देत नाही.

सभागृह भरलं होतं. माझी खुर्ची व्यासपीठाच्या कडेला, तोंड वाजवणाऱ्यांकडे. मला ते अंघोळीच्या खोलीचं दार उघडं टाकल्यासारखं वाटत होतं. धाकटी तिसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेत सचिव, समिती आणि तो संगणकवाला.

वकील वाजवून गेला. पियानोचा उजवा अर्धा भाग कुणी कापून नेला असता तरी चाललं असतं, हे मी व्यासपीठावरून सांगितलं. सहा. लंबूला साडेसहा, आणि कुठे थांबावं यावर दोन शब्द. लोक हसले, सचिवांनी समितीकडे बघून मान डोलावली. जिंकतेय असं वाटलं.

मग 'उकळी'.

लंबू आणि वकील खालच्या सुरांत पुटपुटू लागले. भिंतीकडे तोंड असताना जे लक्षात आलं नव्हतं ते आता आलं. चेलो एक वाक्य म्हणतो, मध्येच थांबतो, स्वतःलाच दुरुस्त करतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. दर चार मात्रांनी लंबू गजाच्या टोकाने चेलोच्या लाकडावर टक करतो. पेन्सिल आपटल्यासारखं. या बाईला मी कुठेतरी भेटले आहे, असं मला वाटू लागलं.

आता शांतता येणार म्हणून मी सरसावून बसले. खारूताईने व्हायोलिन खांद्याला लावलं. बोट तारेच्या अगदी टोकाशी नेलं आणि गज ओढला. पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा ओढला. आवाज नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गजाला राळ लावायला विसरली कार्टी! राळ नसली की गज तारेवरून नुसता घसरतो. कार्यक्रमाच्या दिवशी! मी उठणारच होते, पण नजर सभागृहाकडे गेली. सचिवांनी लिंबू चावल्यासारखं तोंड केलं होतं. संगणकवाल्याचे खांदे कानांपर्यंत गेले होते. एका आईने आपल्या बाळाचे कान झाकले होते आणि ते बाळ खिदळत होतं. सगळेच हसत होते, छान हसत होते. फक्त धाकटी हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

चेलोची बडबड आणि टकटक चालूच. त्याला कशाचा पत्ताच नाही.

मग वकील वाजवता वाजवता पियानोवरून उठला, चार पावलं धावत गेला आणि हवेतच गॅसचं बटण पिरगाळल्यासारखं केलं. खारूताईचं बोट तारेवरून खाली घसरत आलं, आणि एका ठिकाणी तो सूर माझ्या कानात शिरला. बाहेर कधीचं ताटकळत उभं असलेलं माणूस दार उघडल्याबरोबर आत यावं, तसा. तिथून शेवटपर्यंत मी तो ऐकला. काय गोड हात आहे पोरीचा.

किटली. बेल. पाखरं. पियानोच्या उजवीकडच्या पट्ट्या. तो बिचारा पियानोवाला, चहा न पिता गेलेला. आणि 'सात', त्या शांततेला दिलेले.

सचिवांनी माइक हातात दिला. व्यासपीठावर तिघं अशी उभी होती जणू फटके मलाच बसणार आहेत. मी उठले. सिस्टर म्हणायच्या, उभं राहायचं तर पूर्ण उभं राहायचं.

म्हटलं, "या रचनेतला चेलो बडबड्या आहे, शिष्ट आहे आणि स्वतःच्याच आवाजाच्या प्रेमात आहे. फार अचूक लिहिलाय. पियानो समयसूचक आहे. व्हायोलिन वरच्या पट्टीत काय वाजवत होतं ते मला सांगता येणार नाही. मला ते ऐकू आलं नाही. वर्गात मी त्याला शांतता समजून शाबासकी दिली होती. ती परत घेते."

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून धाकटी उभी राहिली आणि वॉर्डच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिट्टी होती, ताई! तुझ्या किटलीची! हुबेहूब!"

हशा ओसरू दिला. मग खारूताईकडे वळले. "मला ऐकू आलं नाही, तेव्हा तूच सांग. वरचा सूर बरोबर लागला?"

तिने गज खाली घेतला. "नाही, मिस. चढा लागला थोडा."

"कधी कळलं?"

"लागला तेव्हाच. बोट मागे घेतलं, पण उशीर झाला."

सगळं सभागृह हसत असताना, टाळ्यांच्या आशेने उभ्या असलेल्या मुलीने हे सांगितलं. मला आणखी काय शिकवायचं होतं?

"चढ्या सुराचा अर्धा गुण कापला," मी म्हटलं. "साडेनऊ."

ती रडायला का लागली कळेना. अर्ध्या गुणासाठी कुणी रडतं का?

सचिव माइकपाशी आले. चेहरा गंभीर. म्हणाले की बाईंबद्दल आदरच आहे, परंतु ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी संगीत शिकवावं का, असा प्रश्न समितीपुढे... तिथे वकिलाने हरकत घेतली.

"काका, मिसना वरचे सूर ऐकू येत नाहीत हे तुम्हाला आत्ता कळलं. आम्हाला जानेवारीपासून माहीत आहे. आम्ही दोघांनी तर आमच्या रचना खाली आणल्या, म्हणून आम्हाला सहा आणि साडेसहा. हिने नाही आणली, तिला साडेनऊ. आता सांगा, मिसना काय ऐकू येत नाही?"

मुलाने आयुष्यात पहिल्यांदा योग्य जागी तोंड उघडलं.

समितीने तिथेच डोकी एकत्र केली. निर्णय: वर्ग चालू राहील, बाईंनी कानाला यंत्र लावावं. तो संगणकवाला मागाहून जवळ आला आणि हळूच, पण तोंडाकडे बघत, विचारलं, "मी येऊन बसलो तर चालेल? शनिवारी?"

"पेन्सिल आणायची," मी म्हटलं. "कुरतडायची नाही."

परतीच्या वाटेवर धाकटीने रस्ता ओलांडताना माझा दंड धरला. झटकणार होते, राहून गेलं.

२८ मार्च, शनिवार

परवा यंत्र बसवलं. जग इतकं कर्कश आहे याची मला कुणी कल्पना दिली नव्हती. चपला किरकिरतात. फ्रिज गुणगुणतो, तोही बेसूर. धाकटी जेवताना आवाज करते. हे मी तिला सांगितलं आणि तिने यंत्राच्या डॉक्टरांना शिव्या घातल्या. बेल म्हणजे डोक्यात टाचणी. किटलीने पहिली शिट्टी मारली तेव्हा माझ्या हातातली बशी पडली. पियानो जुळवणाऱ्याला बोलावून घेतलं, आधी चहा दिला, मग बिस्किटं दिली, मग म्हटलं, "सूर वाजतायत." तो म्हणाला, "नाही बाई, आता नाही वाजत. तुम्ही जानेवारीत जुळवू दिला नाहीत ना." बरोबर आहे. उजवीकडचा भाग भयानक लागला आहे.

आणि सकाळी पाखरं. तेवढीच आहेत.

संध्याकाळी वर्ग. संगणकवाला मागच्या बाकावर, नवी पेन्सिल घेऊन. खारूताईने 'उकळी'ची प्रत आणली, अगदी स्वच्छ अक्षरात. मी ती मिटून पियानोवर ठेवली. खुर्ची भिंतीकडे वळवली, यंत्राचं बटण दाबलं. म्हणजे शेवटी मलाही बटण दाबावं लागलंच.

"घे," म्हटलं, "पहिल्यापासून."

चेलोने माझी बडबड सुरू केली. पेन्सिल माझ्या हातात तयार होती. मग व्हायोलिन वर गेलं, जिथे मी इतके महिने भिंत बघत बसले होते, तिथे. चढा होता सूर. चांगलाच चढा, थोडाबिडा नव्हे. पोरीने व्यासपीठावर सवलत घेतली होती.

मी पेन्सिल आपटली नाही. शेवटपर्यंत ऐकला.